पुजलेलं डोंगल

सुट्या कामाच्या बाईला लोक हमखास विचारतात, "ऑफिस कुठेशी आहे तुमचं?" मी पर्स दाखवायचे. समोरच्याला वाटायचं, बाई थट्टा करतेय. थट्टा अजिबात नव्हती. पर्सच्या आतल्या कप्प्यात, चेन लावून, करंगळीच्या पेराएवढं एक निळं डोंगल असायचं आणि माझं सगळं ऑफिस त्याच्यात होतं.

हे काय प्रकरण आहे ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या नवऱ्याला ते समजायला लग्नानंतर बरीच वर्षं लागली. मी मराठी पुस्तकांची पानं लावते. लेखक हाताने लिहून देतो, नाहीतर फोनवर बोटं मारून पाठवतो. त्याचं छापता येईल असं पान करायचं. अक्षर केवढं, ओळी किती, समास किती, पानाचा आकडा कुठे, सगळं जागच्या जागी बसवायचं. ज्या सॉफ्टवेअरवर मी हे करायचे, ते कंपनीने एका साध्या बोलीवर विकलेलं होतं. सॉफ्टवेअर हव्या तितक्या संगणकांवर टाका, आमचं काही म्हणणं नाही. पण चालेल तिथेच, जिथे हे डोंगल खोचलेलं असेल. खोचलं की त्यातला लाल दिवा लागायचा आणि सॉफ्टवेअर उघडायचं. काढून घेतलं की मिटायचं. परवाना म्हणतात तो एवढाच.

त्यामुळे माझं बरं चाललं होतं. मुलुंडला घरच्या संगणकावर सॉफ्टवेअर, मालाडला ज्या प्रेसची कामं करायचे तिथल्या कोपऱ्यातल्या संगणकावर सॉफ्टवेअर, पार्ल्याला एक संपादक दिवाळी अंक काढतात त्यांच्या घरीही सॉफ्टवेअर. मी जाईन तिथे डोंगल जाई, आणि डोंगल जाईल तिथे काम. कुणाची नोकर नाही, कुणाची मिंधी नाही. लिंक रोडच्या बसमध्ये पर्स पोटाशी धरून बसायचे, तेव्हा शेजारच्या बाईला वाटत असणार की हिच्याकडे सोनं आहे.

पण ही सोय मला इतकी प्यारी होती तिचं कारण घरात बसलेलं होतं. बसलेलं म्हणजे अक्षरशः. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण एकटीने उठायचं धैर्य काही परत आलं नाही. कॉटवरून उठताना कुणाचा तरी हात लागतो. एकदा उभ्या राहिल्या की मग चालतात, तोंडही चालतं. नवरा ट्रॉम्बेला नोकरीला, तो सकाळी जातो आणि दिवेलागणीला उगवतो. मुलगी बंगळुरात. राहता राहिले मी. एखादी बाई ठेवून बघितली होती, पण आईंनी तिला तीन आठवडे धड काही करू दिलं नाही आणि चौथ्या आठवड्यात तिनेच हात जोडले. तेव्हा मालाडला फक्त शेवटच्या दुरुस्त्यांसाठी जायचं, तेवढा वेळ शेजारच्या वहिनी येऊन बसणार, आणि बाकी सगळं काम घरून, असं आमचं ठरून गेलं होतं.

संगणकाचं टेबल हॉलमध्ये, आईंच्या कॉटला लागूनच. सुरुवातीला त्या नुसत्या बघायच्या. मग एके दिवशी म्हणाल्या, "नुसती टकटक ऐकून कंटाळा आला. मला काहीतरी दे." मी मूळ हस्तलिखित त्यांच्या मांडीवर दिलं. मी पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचायची आणि त्यांनी कागदावर बोट ठेवून ताडून बघायचं. आधी मला वाटलं, करमणूक आहे तोवर ठीक. पण बाईंचं लक्ष असं की माझी एक वेलांटी सुटू द्यायच्या नाहीत. "थांब. इथे 'परंतु' आहे, तू 'पण' वाचलंस." चूक वाचण्यातली नसायची, मी तसं टाइपच केलेलं असायचं. लेखकांवर त्यांची मतंही तयार व्हायची. एका निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मचरित्र लावत होतो तेव्हा त्या रोज म्हणायच्या, "हा माणूस बायकोचं नाव कधी घेणार?" पुस्तक संपलं तरी त्याने घेतलं नाही. आईंनी हस्तलिखित मिटून ठेवलं आणि त्याला जे नाव ठेवलं ते मी इथे लिहिणार नाही.

असे आमचे दिवस चालले होते. भांडायचो, वाचायचो, चहा प्यायचो. मला त्या दिवसांना सुखाचे म्हणायचं तेव्हा सुचलं नाही. आता म्हणते.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. आमच्या घरात शस्त्रं म्हणजे विळी, अडकित्ता, नवऱ्याचा पाना-पक्कड आणि माझा संगणक. ज्याच्यावर पोट चालतं ते पुजायचं, आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. संगणकाच्या पडद्यावर कडेला हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूची माळ. दरवर्षीचं आहे. डोंगल मात्र कधी पूजेत आलं नव्हतं, कारण ते माझ्या पर्समधून बाहेरच येत नसे.

त्या वर्षी ते टेबलावर राहिलं. पार्ल्याच्या दिवाळी अंकाची पानं निम्मीअधिक लावून झाली होती, आदल्या दिवशी उशिरापर्यंत बसले होते, तसंच ठेवून उठले. सकाळी मी झेंडू आणि आपट्याची पानं आणायला मुलुंडच्या बाजारात गेले. नवऱ्याने आईंना हात देऊन उठवलं आणि तो आंघोळीला गेला. मी परत आले तेव्हा पाटावर सगळं मांडून तयार होतं. विळी, अडकित्ता, पक्कड, आणि सगळ्यांच्या मध्ये, तांदळाच्या छोट्याशा ढिगावर, माझं निळं डोंगल. त्याच्या तोंडाचा पत्रा असा चमकत होता की विकत घेतलं तेव्हाही चमकला नसेल.

"यंदा मुख्य देव यालाच केलाय," आई म्हणाल्या. "सगळं याच्यावरच चालतं ना तुझं? तू बाहेर असतेस तेव्हा ते पर्समध्ये आहे ना म्हणून मलाच धाकधूक असते."

मला भरून आलं. खरंच आलं. माझ्या कामाची पूजा माझ्या माहेरीसुद्धा कुणी अशी केली नव्हती. मी वाकून नमस्कार केला आणि दिवसभर त्याला हात लावला नाही. लावायचा नसतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंना उठवलं, चहा झाला, हस्तलिखित त्यांच्या मांडीवर दिलं, संगणक सुरू केला आणि डोंगल खोचलं. लाल दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. काढून परत खोचलं. मग दुसऱ्या बाजूला खोचलं. पडद्यावर आलं, परवाना सापडत नाही. डोंगल काढून उजेडात धरलं तर तोंडाच्या आत पिवळं काहीतरी चिकटलेलं आणि कडेला ओल.

"आई, हे तुम्ही धुतलं होतं का?"

"मग?" त्या सहज म्हणाल्या. "पारोसं कसं पुजायचं? काळं पडलं होतं तोंडाशी. चिंच-मीठ लावून घासलं, दोन पाण्यांनी धुतलं, पुसलं. का गं?"

देवघरातली तांब्याची भांडी त्या जशी घासतात, त्याच हाताने, त्याच मायेने त्यांनी ते घासलं होतं. कॉटवरून स्वतः उठता येत नाही अशा बाईने ओट्याशी उभं राहून, वॉकरला कंबर टेकवून. मी रागीट आहे, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कुकरची शिट्टी चुकीच्या वेळी झाली तरी मी बोलते. पण तेव्हा राग कुणावर काढायचा तेच कळेना.

"काही नाही," मी म्हटलं, "जरा ओलं राहिलंय. सुकेल."

नवऱ्याने ते संध्याकाळी तांदळाच्या डब्यात खुपसलं. फोन पाण्यात पडला की लोक तसं करतात म्हणे. आईंनी विचारलं, "ते तांदळात कशाला?" तो म्हणाला, "ओल शोषली जाते." तेव्हा त्यांच्या लक्षात यायला लागलं असणार. कारण त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "लागला का गं दिवा?" आणि मी डोंगल खोचून बघायचे आणि म्हणायचे, "अजून नाही. लागेल." हस्तलिखित त्यांच्या उशाशी तसंच पडून होतं. त्यांनी ते एकदाही मागितलं नाही.

घाटकोपरला मोबाइल दुरुस्तीची गल्ली आहे, तिथे गेले. दुकानदाराने डोंगलचं कवच उघडलं, आत बघितलं आणि माझ्यापुढे सरकवलं. आत एक काळा डांबरासारखा थेंब होता, बस. तो म्हणाला, "हे कोणी उघडू नये म्हणूनच असं बनवतात, ताई. तुम्ही कंपनीला फोन करा ना." पैसेसुद्धा घेतले नाहीत त्याने. पैसे घेतले असते तर मला जास्त बरं वाटलं असतं.

कंपनीला फोन केला. तिकडून एक मुलगी बोलली. फार गोड मुलगी होती, तिच्याबद्दल मला एक वाकडा शब्द बोलायचा नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, चिंच-मीठही ऐकून घेतलं आणि हसली नाही. म्हणाली, "मॅम, डोंगलची जुनी स्कीम आता बंद आहे. पण खराब झालेलं डोंगल परत पाठवलं तर आम्ही बदलून देतो. जोपर्यंत स्टॉक आहे तोपर्यंत." माझा जीव भांड्यात पडला. मी तिला डोंगलच्या पाठीवरचा नंबर वाचून दाखवला. तिने तो तिच्याकडे तपासून बघितला.

"मॅम, हे तुमच्या नावावर नाहीये."

मला ते माहीत होतं आणि नव्हतंही. त्याचं असं झालं होतं. पार्ल्याला एक प्रेस होती, तिथे मी लग्नाच्या आधीपासून नोकरी करायचे. पानं लावायला मी तिथेच शिकले. मालकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. एक दिवस काकांनी प्रेस बंद केली. यंत्रं भंगारात गेली, जागा दुसऱ्या कुणाकडे गेली. शेवटच्या दिवशी ज्याला जे उपयोगी ते त्यांनी हातात ठेवलं. बाइंडरला कटर दिला, माझ्या हातात हे डोंगल ठेवलं आणि म्हणाले, "घेऊन जा. तू जिथे बसशील तिथे आपली प्रेस." कारागिराला हत्यार द्यायची त्यांची ती रीत होती, त्यांच्या वडिलांनीही तसंच केलं होतं म्हणे. मी पाया पडले आणि डोंगल घरी आणलं. त्यानंतर इतकी वर्षं ते मुलुंड, मालाड, पार्लं असं माझ्याबरोबर फिरलं. कुठेही खोचा, चालायचं. माझं आहे का काकांचं आहे हे त्याने कधी विचारलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही.

"ज्यांच्या नावावर आहे ते हयात आहेत का, मॅम?" मुलीने विचारलं. "त्यांनी सांगितलं तर काहीतरी होऊ शकतं."

काका हयात होते. बोरिवलीला लेकीकडे. मी तिथे गेले. आधी फोन केला होता, तरी मला बघून त्यांना इतका आनंद झाला की कामाचं काढायला मला अर्धा तास लागला. खांदे उतरले होते, आवाज मात्र तोच, प्रेसच्या यंत्रांवरून ऐकू जावा असा. सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "एवढंच ना? लाव फोन. मी बोलतो."

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तीच मुलगी नव्हती, दुसरी होती, पण तशीच गोड. काकांनी स्वतःचं नाव, प्रेसचं नाव, पत्ता, सगळं खणखणीत सांगितलं. ती म्हणाली, "थँक यू सर. आता तुमच्या रजिस्टर्ड मोबाइलवर एक ओटीपी आलाय, तो सांगा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. कुठला मोबाइल? प्रेसचा. तो नंबर प्रेसबरोबरच गेला होता. आता तो कुणाकडे आहे कोण जाणे. कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात त्या क्षणी आमचा ओटीपी वाजला असेल आणि त्याने तो पुसून टाकला असेल.

"तो नंबर नाही आता," काका म्हणाले. "पण मी आहे ना. मी बोलतोय ना तुमच्याशी."

"हो सर, पण सिस्टीमला ते नाही कळणार. ईमेलवर पाठवू का?"

ईमेलही प्रेसचाच होता. मग ती म्हणाली, प्रेसच्या नावाने धंद्याचा चालू परवाना असेल तर त्याची प्रत पाठवा. प्रेसच नव्हती तर परवाना कसला चालू असणार? काकांचा आवाज चढला. "अहो, मी विकत घेतलं, मी हिला दिलं, मी जिवंत आहे आणि मी तुम्हाला सांगतोय की हे हिचं आहे. आणखी काय पाहिजे?" ती मुलगी म्हणाली, "सर, मला पूर्ण कळतंय तुमचं. पण परवाना दुसऱ्याला देता येत नाही, सर. वापरायला कुठेही चालतो, पण द्यायला नाही."

मी फोन ठेवला. लेकीने चहा आणला होता, तो त्यांनी घेतला नाही. मग म्हणाले, "म्हणजे मी तुला काय दिलं होतं गं तेव्हा?"

मला इतकं वाईट वाटलं की मी हे कशाला उकरून काढलं असं झालं. मी म्हटलं, "काका, पंधरा वर्षं जेवले मी त्याच्यावर. आणखी काय द्यायचं असतं?" पण त्यांचं समाधान झालं नाही. मी निघताना ते दारापर्यंत आले आणि पुन्हा म्हणाले, "मी बोलून बघतो परत." बिचारे अजूनही बोलत बसले असते, म्हणून मी त्यांना नंतर सांगितलं की झालं काम, आता राहू द्या.

नवीन का घेतलं नाही, असं मला सगळ्यांनी विचारलं. नवीन म्हणजे दरवर्षी भाडं भरायचं आणि ते चालायला संगणकही नवा. माझ्या तुटक कामात तो आतबट्ट्याचा व्यवहार होता. शिवाय जुनी पानं त्यात उघडली तर जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायच्या. मालाडच्या प्रेसने नवीन सॉफ्टवेअर घेतलेलं होतं. पार्ल्याचे संपादक हातघाईवर आले होते, दिवाळी तोंडावर होती. मी जुन्या पानांची फाइल घेऊन मालाडला गेले आणि तिथे एकेक फुटलेलं अक्षर हाताने जोडत बसले. शेजारच्या वहिनींनी त्या दिवसांत फार केलं. पण त्यांचंही घर आहे, आणि 'आज किती वाजतील?' हे त्यांनी विचारलं नाही तरी चेहऱ्यावर दिसायचं.

अंक एकदाचा छपाईला गेला. प्रेसवाला भला माणूस आहे. कच्छी, पण मुंबईत जन्म गेलेला. तो म्हणाला, "ताई, असं किती दिवस चालवणार? तुमच्यासारखा हात मला नाय भेटणार दुसरा. सोमवारपासून इकडेच बसा. दहा ते सात. पगारावर."

"घरून नाही का होणार?" मी विचारलं. "तुमचं सॉफ्टवेअर माझ्या घरच्या मशीनवर टाकून?"

"लायसन ऑफिसच्या मशीनला बांधलेलं आहे. बिल्डिंगच्या बाहेर चालतच नाय. मी पण विचारलं होतं त्यांना, घरी पोरीसाठी पाहिजे होतं." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "सासूबाईंचं काय करणार?"

त्यालाही ठाऊक होतं सगळं. सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याशी बोलले, तो म्हणाला, "बघू." तो वाईट माणूस नाही, त्याच्याकडे तेवढाच शब्द होता. शेवटी आम्ही दुपारी दोन तासांसाठी एक बाई ठरवली, वहिनींकडे किल्ली दिली, फोन आईंच्या गळ्यात अडकवायची दोरी आणली. बाकीचे तास उरले ते उरलेच. मी किती जुळवलं तरी ते भरून निघेनात.

आईंना काय सांगायचं हाच खरा पेच होता. तुमच्या चिंच-मिठाने माझं घरून काम गेलं आणि आता तुम्हाला दिवसभर एकटीला बसावं लागणार, असं ज्या तोंडाने सांगायचं ते तोंड माझ्याकडे नव्हतं. रविवारी जेवणं झाल्यावर मी त्यांच्या कॉटवर बसले आणि म्हटलं, "आई, डोंगल झालं बरं का दुरुस्त."

"लागला दिवा?"

"लागला. पण कंपनीने नियमच बदललाय आता. घरून चालवायचं नाही म्हणतात. प्रेसमध्ये बसूनच काम करायचं. सगळ्यांनाच तसं केलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच. आमच्या लाइनमध्ये सगळे ओरडतायत."

"मेल्यांना काही काळजी आहे का माणसांची?" त्या म्हणाल्या आणि तिथून त्यांची गाडी जी सुटली ती थांबेना. मला हलकं वाटलं. संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या तेव्हा त्यांनाही त्यांनी सगळं ऐकवलं. कंपनीवाल्यांची कशी वाट लागो, त्यांच्या घरी म्हातारी माणसं नाहीत का, उद्या त्यांच्यावर येईल तेव्हा कळेल. वहिनी मान डोलवत होत्या. मी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ऐकत होते आणि मनात म्हणत होते, चला, निदान एवढं तरी निभावलं. खोटं बोलल्याचं मला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. दुसरं काही करता येत नव्हतं, तर हे केलं.

सोमवारी सकाळी त्यांचं आंघोळपाणी उरकलं. हाताशी पाण्याची बाटली, गोळ्या, गळ्यात फोन, मांडीवर गवार निवडायला दिली. नवरा आधीच गेला होता. मी एकेक सूचना करत होते. अकराला वहिनी डोकावतील, एकला बाई येईल, काहीही झालं तरी एकटीने उठायचं नाही. त्या 'हो' म्हणत होत्या. मी चपला घालायला लागले.

"शेजारच्या वहिनींना मी कंपनीचंच सांगते," त्या गवारीच्या शिरा काढता काढता म्हणाल्या. "त्यांना पटतं ते."

मी चपलेचा पट्टा हातात धरून तशीच थांबले.

"तुला नाही सांगत," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही. "आपल्या दोघींना ठाऊक आहे. जा तू, बस जाईल."

मला जवळ जायचं होतं, काहीतरी म्हणायचं होतं. पण मी काय म्हटलं असतं तेही त्यांना आधीच ठाऊक असणार, आणि मग ते ऐकून त्यांना मलाच समजवावं लागलं असतं. मी "येते" म्हटलं. एरवी मी मालाडला निघाले की त्या दारापर्यंत यायच्या, 'सावकाश जा' म्हणायच्या, आणि मी गेल्यावर वहिनी त्यांना परत कॉटवर बसवायच्या. त्या दिवशी त्या बसूनच म्हणाल्या, कारण वहिनी अजून आल्या नव्हत्या आणि उठायला-बसायला त्यांना कुणाचा तरी हात लागतो.